कोकोच्या वावरातून आलेला वकील

लॉच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि माझा एक पेपर राहिला, कॉन्ट्रॅक्टचा. त्या रात्री मी ठरवलं होतं की बस झालं आता. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळे झोपल्यावर अंगणात खाटेवर बसून मोबाईलवर काहीतरी शोधत होते, पस्तिशीनंतर वकील झालेले लोक असं काहीतरी टाकलं होतं, कारण मी स्वतः पस्तिशीची असताना ॲडमिशन घेतलं होतं आणि वर्गातली पोरं मला मॅडम म्हणायची, त्यांना वाटायचं मी शिकवायला आलेय. त्या शोधात एक नाव निघालं, ओबाफेमी अवोलोवो. नायजेरियातले. योरुबा समाजातले. पस्तीस वर्षांचे असताना बायको-मुलांना मागे ठेवून लंडनला वकिली शिकायला गेले, 1944 साली, महायुद्ध अजून चालूच होतं तेव्हा.

मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पाच एकर वावर आहे, कापूस अन् तूर, दोन वर्षांआड सोयाबीन. लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, बीए लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं, दोन्ही पोरी झाल्यावर. मग यवतमाळला लॉ. सकाळची एसटी पकडायची, कॉलेज, दुपारची एसटी, घरी येऊन वेचणी चालू असेल तर वावरात. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून तरी निभलं, नाहीतर तिकिटातच कंबर मोडली असती. हे सगळं यासाठी सांगतेय की अवोलोवोंचं वाचताना मला पहिल्यांदा काय दिसलं ते कळावं. मोठा नेता नाही दिसला. तो नंतर दिसला. आधी दिसला तो शिकायला पैसे नसलेला माणूस.

जन्म 6 मार्च 1909, इकेने नावाच्या गावात, आताच्या ओगुन राज्यात. वडील शेतकरी होते आणि लाकूड कापायचं काम करायचे. पोरगा अकरा वर्षांचा असताना 1920 मध्ये वडील गेले आणि शाळा तिथंच लटकली. माझे बाबा मी नववीत असताना गेले, दोन एकर कर्जात गेलं आणि आमच्या मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊन आम्हा भावंडांना शिकवलं, त्यामुळं ही ओळ मी दोनदा वाचली. अवोलोवो कोणाच्या घरी कामाला राहिले, लाकडं फोडली, पडेल ते काम केलं आणि फी भरत भरत अबेओकुटाच्या शाळांमध्ये शिकले. मग इबादानच्या वेस्ली कॉलेजात मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं. त्यानंतर या माणसानं काय काय नाही केलं, मास्तर झाले, टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून लागोसला टायपिस्ट झाले, त्याच कॉलेजात परत येऊन क्लार्क झाले, पेपरमध्ये रिपोर्टर झाले, मग कोको विकत घ्यायचा धंदा, लॉरी घेऊन ट्रान्सपोर्टचा धंदा. धंदा बसला आणि कर्ज अंगावर आलं. लॉरीवाल्यांच्या युनियनचे सेक्रेटरी होते, म्हणजे रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांचं भांडण काय असतं ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आणि या सगळ्या धावपळीत लंडन विद्यापीठाचं बीकॉम केलं, घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन. 1944 मध्ये पास झाले. आमच्या मुक्त विद्यापीठासारखंच म्हणा ना, फक्त पुस्तकं जहाजानं यायची.

आता कोकोबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय हा माणूस समजत नाही. कोको म्हणजे चॉकलेटचं फळ. नायजेरियाच्या पश्चिम भागात, योरुबा मुलखात, कोको म्हणजे आपल्याकडं जसा कापूस. झाड शेतकऱ्याचं, मेहनत शेतकऱ्याची, पण भाव लागोसच्या बंदरावर आणि त्याच्याही पलीकडं इंग्लंडात ठरायचा. लागोसहून इबादानला रेल्वे 1901 मध्ये पोचली, माल बंदरावर न्यायला. आमच्या दारव्ह्यात मोतीबाग स्टेशन आहे, शकुंतला रेल्वेचं, तीसुद्धा इंग्रजांच्या कंपनीनं वऱ्हाडातला कापूस न्यायलाच टाकली होती, माझे आजेसासरे बंडीत कापूस भरून तिथं न्यायचे असं सासूबाई सांगतात. रूळ अजून आहेत, गाडी नाही.

1937 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या युरोपियन कंपन्यांनी आपसात करार केला की कोकोला एकमेकांपेक्षा जास्त भाव द्यायचा नाही. शेजारच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, शेतकऱ्यांनी माल विकणंच बंद केलं आणि कंपन्यांच्या दुकानातून सामान घेणंही बंद केलं. नायजेरियात त्या कराराविरुद्ध नायजेरियन यूथ मूव्हमेंट ही तरुणांची संघटना उभी राहिली आणि अवोलोवो तिच्यातलेच, पुढं इबादान शाखेचे सेक्रेटरी झाले. मला हे वाचताना आमच्या गावातली खेडा खरेदी आठवली. दिवाळीच्या तोंडावर गाडी येते, शेतकऱ्याला पैशाची नड असते, चार व्यापारी येतात आणि चौघांचा भाव सारखाच असतो, कोणी दहा रुपये वर चढत नाही. बाबा म्हणायचे, हे सकाळी एकाच टपरीवर चहा पिऊन येतात. कागदावर काही नसतं, म्हणून कोर्टात काही सिद्ध होत नाही. तिकडं निदान करार होता म्हणून बोट ठेवायला जागा होती.

वकिलीचं सांगते. त्या काळात नायजेरियात लॉ कॉलेजच नव्हतं. वकील व्हायचं असेल तर इंग्लंडला जा, तिथल्या एखाद्या इन ऑफ कोर्टमधून, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या जुन्या संस्थेतून, बॅरिस्टर हो, मग परत ये. देशातले पहिले वकील मानतात ते ख्रिस्तोफर सपारा विल्यम्स, तेही योरुबाच, त्यांच्यातल्या इजेशा शाखेतले, 1879 मध्ये इनर टेंपल या अशाच एका संस्थेतून बॅरिस्टर झाले. स्वतःचं लॉ स्कूल देशात निघालं ते स्वातंत्र्यानंतर, 1962 मध्ये. म्हणजे शंभरेक वर्षं तिथल्या गरीब पोरासाठी वकिलीचा रस्ताच समुद्रातून होता आणि समुद्राचं तिकीट कोणाकडं असणार.

आणि गंमत नाही, संताप येतो असली गोष्ट पुढं आहे. 1914 मध्ये इंग्रज गव्हर्नर लुगार्डनं उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एकत्र केले तेव्हा प्रोव्हिन्शियल कोर्ट नावाची कोर्टं काढली. तिथं निकाल देणारा म्हणजे बहुतेक वेळा तिथलाच इंग्रज अधिकारी, जो कर वसूल करतो तोच न्याय करतो. आणि वकिलाला तिथं उभं राहायची परवानगी नाही. माणसावर कसलाही गुन्हा लावा, त्याच्या बाजूनं बोलायला कायदा शिकलेला माणूस चालणार नाही. हे 1933 पर्यंत चाललं. एकोणीस वर्षं. मी तालुका कोर्टात ज्युनिअर म्हणून काम करायला लागून थोडेच महिने झालेत, पण एवढ्यातच पाहिलंय की धुऱ्याच्या साध्या भांडणातसुद्धा म्हातारा माणूस कठड्याजवळ उभा राहिला की त्याचे हात थरथरतात, साहेबांनी नाव विचारलं तर बापाचं नाव सांगतो. त्याच्या बाजूला काळा कोट घातलेलं कोणी उभं असलं की तो जरा सरळ होतो. तो कोट काढून घेतला तर काय उरतं. इंग्रजांना वकिलांची भीती का वाटायची ते मला पुस्तकापेक्षा कोर्टाच्या व्हरांड्यात जास्त कळलं.

अवोलोवो लंडनला दोन वर्षांत एलएलबी आणि बॅरिस्टर दोन्ही झाले. नोव्हेंबर 1946 मध्ये इनर टेंपलमधून सनद मिळाली. हीच ती इनर टेंपल जिथून गांधीजी 1891 मध्ये आणि नेहरू 1912 मध्ये बॅरिस्टर झाले. गांधीजींचं नाव तर 1922 मध्ये त्या लोकांनी यादीतून काढून टाकलं होतं, शिक्षा झाली म्हणून, आणि परत घातलं ते 1988 मध्ये. अवोलोवोंना आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीचं फार होतं, गांधी, नेहरू, सुभाषबाबू या तिघांना ते मानायचे. मला एवढं बरं वाटलं हे वाचून. वर्ध्याजवळ सेवाग्रामात बसून एक म्हातारा काही बोलतो आणि इबादानमध्ये लॉरीचा धंदा बुडालेला एक तरुण ते पेपरात वाचतो. आपल्याला वाटतं आपलं आपल्यापुरतंच असतं.

लंडनला असतानाच, 1945 मध्ये, त्यांनी एग्बे ओमो ओदुदुवा ही संघटना काढली, ओदुदुवाची लेकरं असा त्याचा अर्थ. ओदुदुवा हा योरुबांचा मूळपुरुष. यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि अजूनही होते, की यांनी आपल्या समाजापुरतं पाहिलं आणि देश जातीपातीत वाटला. मी दोन्ही बाजू वाचल्या. 1947 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं होतं की नायजेरिया हे राष्ट्र नाही, नकाशावरचं एक नाव आहे, कारण इंग्रजांनी एकमेकांची भाषा न कळणारे लोक एका दोरीत बांधले होते. त्यांना संघराज्य पाहिजे होतं, प्रत्येक भागाला आपला कारभार. मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याकडं भाषावार प्रांतरचना झाली, वऱ्हाडानं तर सीपी अँड बेरार, म्हणजे हिंदी-मराठी मुलूख एकत्र असलेला प्रांत, पाहिलाय, नागपूर राजधानी असताना हिंदीतले कागद पाहिलेत, आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पण समाजाच्या नावावर संघटना उभी केली की पुढं मतंसुद्धा समाजाच्या नावावर पडतात, हेही खरं, आणि नायजेरियाला ते फार महागात पडलं.

परत आल्यावर इबादानला वकिली सुरू केली, 1949 मध्ये नायजेरियन ट्रिब्यून पेपर काढला, 1951 मध्ये ॲक्शन ग्रुप नावाचा पक्ष. 1954 मध्ये वेस्टर्न रिजनचे, म्हणजे त्या पश्चिम भागाचे, प्रीमियर झाले, आपल्या मुख्यमंत्र्यासारखे. इंग्रज अजून होतेच, पण भागाचा कारभार बराचसा हातात आला होता. इथून पुढचं मी जरा सावकाश लिहिते कारण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

जानेवारी 1955 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सगळ्यांसाठी मोफत केलं. शिक्षणमंत्री होते स्टीफन अवोकोया, त्यांनी 1952 मध्येच योजना मांडली होती. आधी शाळेत साडेचार लाखांच्या आसपास पोरं होती. एका वर्षात आठ लाखांच्या वर गेली. आकडा वाचायला सोपा आहे, पण डोळ्यासमोर आणून पाहा, एका सकाळी वर्गात दुप्पट पोरं येऊन बसली तर काय होईल. मास्तर कुठून आणायचे, बसायला जागा कुठून. अर्धवट ट्रेनिंग झालेल्यांना उभं करावं लागलं. लोकांनी नावं ठेवली की दर्जा घसरला. घसरला असेलही. पण जे पोरगं काल बकऱ्यांमागं होतं त्याचा दर्जा कालपर्यंत कोण मोजत होतं?

पैसा कुठून आला? कोकोतून. सरकारी मार्केटिंग बोर्ड शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावानं कोको घ्यायचं, बाहेर जास्त भावानं विकायचं, मधला पैसा बोर्डाकडं साठायचा. हे बोर्ड इंग्रजांनीच सुरू केलं होतं, भाव पडला तर शेतकऱ्याला आधार म्हणून. 1954 नंतर ते वेस्टर्न रिजनच्या हातात आलं आणि साठलेला पैसा सरकारच्या कामी आला. शिवाय माणशी कर लावला. लोक भडकले. 1954 च्या केंद्राच्या निवडणुकीत त्यांच्याच भागात त्यांचा पक्ष मागं पडला आणि तरी त्यांनी योजना मागं घेतली नाही, दोन महिन्यांनी शाळा उघडल्या.

इथं मी अडकते. आमच्याकडं कापूस एकाधिकार योजना होती, 1972 पासून, सरकारच खरेदीदार. आमच्या घरात अजून दोन मतं आहेत, हे म्हणतात बरी होती, निदान चुकारा, म्हणजे मालाचा पैसा, कुठून येणार ते माहीत होतं, मोठे दीर म्हणतात चुकाऱ्याची वाट पाहण्यात म्हातारे झालो. शेतकऱ्याच्या मालाचा पूर्ण भाव त्याच्या हातात न देता त्याच्यासाठी काय चांगलं ते दुसऱ्यानं ठरवायचं, हे मला शेतकऱ्याची पोरगी म्हणून बोचतं. पण त्याच पैशातून त्याच्याच पोरीची शाळा उघडली, रस्त्यावरचा पुतळा नाही उभा केला. मी हिशोब करून पाहिला तर माझं मन शाळेच्या बाजूनं जातं. बाबांच्या दोन एकरांपेक्षा माझी दहावी आमच्या घराला जास्त दिवस पुरली. आता आमच्या गावच्या शाळेत पट कमी झाला म्हणून ती राहते की जाते अशी चर्चा आहे आणि पालकसभेत मी हेच बोलले, की पोरं कमी आहेत म्हणून शाळा बंद करायची असेल तर मग पोरं येतील असं काहीतरी आधी करा.

आपल्याकडच्या वाचणाऱ्यांना इथपर्यंत भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख, आठवले असतील. मला तर पहिल्या रात्रीच आठवले. पापळचा शेतकऱ्याचा पोरगा, इंग्लंडात जाऊन बॅरिस्टर, परत आल्यावर 1932 मध्ये अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था, आणि नंतर देशाचे कृषिमंत्री. अंबादेवीच्या मंदिरासाठी सत्याग्रह केला तो वेगळाच. भाऊसाहेब आणि अवोलोवो यांच्यात दहा-अकरा वर्षांचं अंतर. दोघांनाही कळलं होतं की बॅरिस्टरचा कोट घालून शहरात पैसा कमावता येतो, पण दोघांनी शाळा काढल्या.

पुढची गोष्ट मी सासूबाईंना सांगत सांगत पूर्ण केली. झालं असं की त्या रात्री दोन वाजता त्या पाणी प्यायला उठल्या आणि मला मोबाईल घेऊन बसलेली पाहिलं. "काहून जागी हायेस वं माय?" मी पेपर राहिल्याचं सांगून टाकलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय वाचून राह्यली ते सांग." मग रोज रात्री थोडं थोडं, तुरीच्या शेंगा सोलताना, कधी वाती करताना. नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं म्हणून त्या त्यांना कोकोवाला वकील म्हणायच्या.

पहिल्याच रात्री त्यांनी जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. "अन् बायको काय करे त्याची? तो तिकडं शिकत होता, तं लेकरं कोण पोसत होतं?"

मग मी हॅनाबद्दल शोधलं. हॅना इदोवू, 26 डिसेंबर 1937 ला लग्न झालं. व्यापार करणारी बाई, धंद्यात हुशार. नवरा लंडनला गेला तेव्हा घर आणि लहान लेकरं तिच्यावर. हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मंग सनद तिच्याच नावानं पाह्यजे." मी लॉला होते तेव्हा माझ्या पोरींच्या वेण्या कोणी घातल्या, डबे कोणी भरले, ते मला माहीत आहे, म्हणून मी त्यावर काहीच बोलले नाही.

1 ऑक्टोबर 1960 ला नायजेरिया स्वतंत्र झाला, अवोलोवो केंद्रात विरोधी पक्षनेते. दोन वर्षांत त्यांच्यावर सरकार उलथवायच्या कटाचा खटला. त्यांनी इंग्लंडहून वकील बोलावला तर सरकारनं त्याला देशात येऊच दिलं नाही. इंग्रज गेले आणि वकिलाला बाहेर ठेवायची रीत मात्र राहिली. स्वतःची बाजू त्यांनी स्वतः मांडली. खटला चालू असताना जुलै 1963 मध्ये थोरला मुलगा सेगुन गाडीच्या अपघातात गेला, तोही नुकताच वकील होऊन आलेला, बापाच्या केससाठी लागोसला निघाला होता. सप्टेंबरमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

हे सांगितलं त्या रात्री सासूबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. बराच वेळ गप्प होत्या. त्यांचाही एक पोरगा गेलाय, माझ्या लग्नाच्या आधी, विहिरीवर. त्याचं त्या कधी बोलत नाहीत. "मंग त्या बाईनं काय केलं?"

म्हटलं, नवरा जेलात असताना 1964 च्या निवडणुकीत ती स्वतः प्रचाराला उतरली, गावोगाव फिरली. नवरा 1966 मध्ये सुटला, पुढं देशाचा अर्थमंत्री झाला, 1987 मध्ये गेला.

"तुह्या जल्माच्या साली."

"हो. आणि ती 2015 पर्यंत होती. नव्याण्णव वर्षांची होऊन गेली, शंभराला दोन महिने कमी."

2015 म्हणजे आमच्या धाकटीचा जन्म. त्यांनी ते बोटांवर मोजलं, आत झोपलेल्या पोरीकडं एकदा पाहिलं आणि टोपली परत पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "तुहा तो राह्यलेला पेपर कधी हाय?"

मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, त्या आठवड्यात वेचणीला तू येऊ नको.